डोळा उड्या मारतो, शब्द त्याला थांबवतो

आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर एसटीच्या थांब्यावर मागच्या महिन्यात एक फलक लागला. 'मिनिटाला १००० शब्द वाचा! डोळ्यांचे खास व्यायाम, फक्त १० दिवस.' दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या दोघांनी विचारलं, "सर, फी भरू का?" दोघांच्याही घरी यंदा कापसाने हात दिलेला नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून नुसतं 'नको' म्हणून भागणार नव्हतं. का नको, ते सांगायला हवं होतं. हा लेख त्या उत्तराचाच वाढलेला भाग आहे.

मी पहिल्या वर्षाला सक्तीचं इंग्रजी शिकवतो. त्यात जी मुलं अगदी मागे राहतात, त्यांचा सकाळी वेगळा तास घेतो. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत अशा तासांना 'डेव्हलपमेंटल इंग्लिश' म्हणतात. माझी मुलं रावेर, यावल, चोपड्याकडची. काही सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येतात. घरात कुणाची अहिराणी, कुणाची लेवा बोली, कुणाची पावरी. शाळेत मराठी, आणि त्यावर इंग्रजी. त्यातला एक जण पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "सर, वाचता येस, पन समजत नही." हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे. आधी डोळ्यांचं बघू, कारण फलक डोळ्यांवर बोलतो आहे.

आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. तुमचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट हलताना दिसतील. डोळा उडी मारतो तेवढ्या काळापुरतं मेंदू दृष्टीचं दार जवळजवळ लावून घेतो, म्हणून आपल्याला त्या उडीचा पत्ताच लागत नाही.

वाचतानाही हेच चालू असतं. नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते असं आपल्याला वाटतं, पण ती बेडकासारखी उड्या मारत जाते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी १८७९ साली पापण्यांवर रबरी नळ्या टेकवून, डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तसा, डोळ्यांच्या स्नायूंचा आवाज ऐकला. वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून थांबून थांबून टकटक येत होती.

उड्या का माराव्या लागतात? डोळ्याच्या पडद्यावर जो पीतबिंदू आपण शाळेत शिकलो, त्याच्या मधोमध एक छोटासा खळगा असतो. खरी तीक्ष्ण दृष्टी तिथेच. हात समोर लांब करा आणि अंगठ्याचं नख बघा. जग तुम्हाला अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढ्याच जागेत. बाकीचं सगळं धूसर असतं, आणि डोळा भराभर जागा बदलत असल्यामुळे ते जाणवत नाही. म्हणून अक्षरं नेमकी त्या खळग्यावर आणून ठेवावी लागतात. इंग्रजी सराईतपणे वाचणारा एका उडीत ७ ते ९ अक्षरं ओलांडतो. उडीला २० ते ३५ मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक थांबा सरासरी २०० ते २५० मिलिसेकंदांचा असतो. सेकंदाला चारेक थांबे धरा. मजकूर मेंदूत शिरतो तो फक्त या थांब्यांवर.

आता फलकाचा हिशेब करू. मिनिटात थांबे जेमतेम २४०. हजार शब्द वाचायचे तर प्रत्येक थांब्यावर चारपेक्षा जास्त शब्द उचलावे लागतील. मधली रिकामी जागा धरून इंग्रजीत ती २०-२५ अक्षरं होतात. एका थांब्यावर डोळ्याला इतकी अक्षरं मिळतात का?

या प्रश्नाचं उत्तर ज्या प्रयोगाने दिलं तो मला इतका आवडतो की तो पूर्ण सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. १९७५ साली अमेरिकेत जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी संगणकाच्या पडद्यावर मजकूर दाखवला आणि वाचणाऱ्याची नजर कुठे आहे ते क्षणोक्षणी टिपलं. नजर जिथे असेल तिथली थोडीच अक्षरं खरी, त्यापलीकडची सगळी खोटी. नजर सरकली की ती खरी 'खिडकी'ही सोबत सरकायची. खिडकी लहान केली की वाचन रखडायचं. ती मोठी करत गेले तसा एक टप्पा असा आला की त्यापुढे कितीही मोठी केली तरी वाचणाऱ्याला काहीच फरक पडेना. म्हणजे माणूस एका थांब्यावर तेवढंच वापरतो. पुढच्या प्रयोगांतून हे माप पक्कं होत गेलं: इंग्रजी वाचताना डावीकडे ३-४ अक्षरं आणि उजवीकडे १४-१५. त्या पंधरांतलीही शब्द म्हणून ओळखता येतात ती पहिली सात-आठच. त्यापुढे फक्त शब्दाची लांबी, एखादं अक्षर, एवढीच चाहूल लागते.

डावीकडे चार आणि उजवीकडे पंधरा असा कल का? डोळ्याची बनावट तर दोन्ही बाजूंना सारखीच. १९८१ साली हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही वाचणारी इस्रायली माणसं तपासली गेली. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. तीच माणसं, तेच डोळे. इंग्रजी वाचताना हा अक्षरांचा पट्टा उजवीकडे झुकलेला, हिब्रू वाचताना डावीकडे. म्हणजे हा पट्टा डोळ्याचा नाही, लक्षाचा आहे. वाचनाची दिशा जिकडे, तिकडे मेंदू लक्ष पसरतो.

लक्षाचा पट्टा असल्यामुळे तो आखडतोही. नजर ज्या शब्दावर आहे तो अवघड असेल तर पुढच्या शब्दाची चाहूल कमी लागते, हे १९९० साली जॉन हेंडरसन आणि फर्नांडा फरेरा यांनी दाखवलं. ओळखीच्या शब्दावर डोळा असताना पुढचा शब्द अर्धा तयार होऊन येतो. अनोळखी शब्द मात्र आपल्या वाट्याचं लक्ष खातोच, शेजाऱ्याचंही खातो. मग पुढचा शब्द सोपा असला तरी तयारीशिवाय समोर येतो आणि तोही जड जातो. माझ्या वर्गात एक ओळ वाचायला इतका वेळ का लागतो, ते मला हे वाचलं त्या दिवशी कळलं. तोवर मी मुलांना 'लक्ष दे' म्हणत होतो. लक्ष तर ती सगळं देत होती, पण ते एकाच शब्दावर खर्ची पडत होतं.

आणखी एक प्रयोग. नजर शब्दावर पडल्यावर ६० मिलिसेकंदांत तो शब्द पडद्यावरून पुसून टाकला. तरी माणसं जवळजवळ नेहमीसारखी वाचू शकली! डोळ्याला तेवढा वेळ पुरतो. पण शब्द क्वचित भेटणारा असेल तर डोळा त्या रिकाम्या जागेवरही जास्त वेळ थांबून राहायचा. बघायला काही उरलेलं नसताना डोळा थांबतो, कारण मागे मेंदूचं काम संपलेलं नसतं. डोळ्यांच्या व्यायामाची फी इथेच वाया जाते. उशीर डोळ्यामुळे होत नाही, शब्द ओळखण्यामुळे होतो. इंग्रजी मातृभाषा असलेली प्रौढ माणसंसुद्धा माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या आसपास वाचतात, असं मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली कितीतरी अभ्यास एकत्र करून दाखवलं. हजाराच्या वेगाने जे होतं ते चाळणं. चाळण्याचेही उपयोग आहेत, पण त्याला वाचन म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

याच्याच शेजारी बसवावा असा दुसरा धंदा म्हणजे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन', म्हणजे मुलांचा मध्यमेंदू जागा करून देतो म्हणणारे वर्ग. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात, हजारो रुपये भरून पालक टाळ्या वाजवतात. नाकाच्या बाजूने राहिलेल्या फटीतून मूल बघतं, इतकंच ते आहे, आणि त्यात मुलाला खोटं बोलायला शिकवलं जातं ते वेगळंच. डोळ्यांच्या उड्या घडवणारा एक महत्त्वाचा भाग खरोखरच मध्यमेंदूत असतो. तुम्ही ही ओळ वाचत आहात म्हणजे तुमचा मध्यमेंदू कामाला लागलेला आहे, आणि त्याला कुणी फी घेऊन जागं केलेलं नाही.

मग शब्द ओळखीचा होतो कसा? आधी मराठीतलं बघा. 'चार' आणि 'चारा' मोठ्याने म्हणा. 'च' तोच, उच्चार दोन. कुठे कोणता ते अक्षर सांगत नाही, तरी आपण अडखळत नाही, कारण त्या शब्दाचं रूप, उच्चार आणि अर्थ तिन्ही एका गाठीत बांधून मनात ठेवलेले असतात. मराठीत अशा गाठी थोड्याच लागतात, बाकी बहुतेक 'लिहिलं तसं वाच'. इंग्रजीत त्या पावलोपावली लागतात. 'टफ', 'थ्रू' आणि 'दो' या तिन्हींच्या शेवटी ओ, यू, जी, एच हीच चार अक्षरं आहेत. गाठ बसते ती अक्षरांकडे बघत, उच्चार जुळवत, अर्थासकट तो शब्द काही वेळा स्वतः वाचल्यावर. डेव्हिड शेअर यांनी १९९५ साली याला वाचणाऱ्याने स्वतःलाच शिकवणं म्हटलं.

आमच्याकडची मुलं इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. त्यांची पुस्तकं पाहिली की त्या कष्टांनी जीव हलतो. पण मग वाचताना नजर वरच्या देवनागरीवर चालते, खालच्या स्पेलिंगवर पडतच नाही, आणि गाठ काही बसत नाही. मी आता एकच मुभा देतो: उच्चार समासात लिहायचा, तोही एकदाच. ओळीवर काहीही लिहायचं नाही.

आता त्या पहिल्या दिवसाच्या वाक्याकडे. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी एक साधं समीकरण मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरांतून शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. कुठलंही एक शून्य असेल तर उत्तर शून्य. आमच्या जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आसोद्याच्या या बाईंना लिहितावाचता येत नव्हतं; त्यांच्या ओव्या-कविता इतरांनी ऐकून उतरवून घेतल्या. भाषेची समज आभाळाएवढी, पण छापील पान समोर ठेवलं असतं तर गुणाकार शून्य. माझ्या विद्यार्थ्याचं उलट होतं. तो उलगडत होता, पण दुसरा आकडा लहान होता. 'वाचता येस, पन समजत नही' हे समीकरण त्याने कुठेही न शिकता सांगितलं.

दुसरा आकडा वाढवायचा तर शब्दसंख्या लागते, हे उघड आहे. २००० साली हू आणि नेशन यांनी एका गोष्टीतले काही शब्द अर्थहीन शब्दांनी बदलून विद्यार्थ्यांना वाचायला दिली. शंभरातले ८० शब्द ओळखीचे असताना ती गोष्ट कुणालाच नीट समजली नाही. स्वतःच्या बळावर, आरामात समजण्यासाठी ९८ लागतात, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. आमचं पाठ्यपुस्तक या मुलांसाठी त्या रेषेच्या फार खाली आहे. तिथे शब्दकोश घेऊन बसलं तरी वाचन होत नाही, नुसतं उत्खनन होतं. म्हणून मी सोपे उतारे देतो. कॉलेजच्या मुलांना सोपं दिलं म्हणून माझ्यावर टीकाही होते. ती मला मान्य नाही.

शब्दांइतकंच विषयाचं ज्ञान महत्त्वाचं आहे. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे निघाली. हे वाचून मी वर्गात केळीचा उतारा नेला. त्यात 'बंच', 'हँड', 'फिंगर' आणि 'सकर' असे शब्द होते. मोबाईलमधल्या शब्दकोशाने हात, बोट आणि 'चोखणारा' असे अर्थ दिले आणि अर्धा वर्ग बुचकळ्यात पडला. रावेरकडची एक मुलगी, जी एरवी मान वर करत नाही, म्हणाली, "सर, बंच म्हणजे घड, हँड म्हणजे फणी, मग फिंगर म्हणजे एकेक केळ. आणि सकर म्हणजे पिल." तिने शब्दकोश उघडलाच नव्हता. तिने बाग वाचली होती, आणि इंग्रजी शब्द त्या बागेत आपापल्या जागी जाऊन बसले.

आता आमचा तास असा चालतो. शंभर-दीडशे शब्दांचा उतारा, विषय शिवारातला. आधी त्यावर मराठीत किंवा अहिराणीत गप्पा. मग मी मोठ्याने वाचतो आणि मुलं ओळीवर बोट ठेवून ऐकतात. मग जोडीने तोच उतारा तीन-चारदा वाचायचा. तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्याची ही पद्धत जे सॅम्युअल्स यांनी १९७९ साली मांडली. चौथ्या वाचनाला शब्दांवर लक्ष कमी लागतं आणि उरलेलं लक्ष अर्थाकडे वळतं. शेवटी पुस्तक मिटून, आठवेल ते सांगायचं. मागे वळून ओळ पुन्हा वाचली तर मी अडवत नाही. सराईत वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जातातच.

त्या दोघांनी फी भरली नाही. पुढच्या आठवड्यासाठी त्यांनीच विषय सुचवला आहे, कापसावरची गुलाबी अळी. इंग्रजीत तिला 'बोलवर्म' म्हणतात. 'बोल' म्हणजे बोंड, हे मी त्यांना सांगणार नाही.