मैदान जवळ आहे, पण कोणाला?

मे महिन्यात नागपूरच्या पोट्ट्यांना खेळायला दोनच वेळा उरतात: सकाळी आठच्या आत आणि दिवेलागणीनंतर. पारा पंचेचाळिशी गाठतो. मे २०१३ मध्ये तर तो ४७.९ अंशांवर गेला होता. त्यामुळे संध्याकाळचा खेळ शेवटी दिव्यांवर येऊन अडतो. ज्यांना तासाचं भाडं परवडतं, ते फ्लडलाइटखाली टर्फवर रात्रीही बॉक्स क्रिकेट खेळतात. वस्तीतल्या उघड्या जागेवर मात्र चेंडू दिसेनासा झाला की डाव मोडतो. ‘आजकालची पोरं आळशी झाली’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल इतपत हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची २०१६ पर्यंतची आकडेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ ते १७ वयोगटातले ८१ टक्के त्यात कमी पडले. मुलगे ७८, तर मुली ८५ टक्के. भारताचा आकडा थोडा बरा, ७४ च्या आसपास. त्यामागचं संशोधकांनी सुचवलेलं कारण गमतीचं आहे, आणि थोडं बोचणारंही: मुलग्यांच्या बाबतीत क्रिकेट, मुलींच्या बाबतीत घरकाम.

स्नायूंना फरशी पुसणं आणि कवायत यातला फरक कळत नाही. जोर लावून पुसताना शरीर विश्रांतीच्या तिप्पट किंवा जास्त ऊर्जा खर्च करतं, म्हणजे ती मध्यम हालचालच झाली. पण पाण्याचे हंडे वाहणाऱ्या मुलीला त्यातून ना संघ मिळतो, ना प्रशिक्षक, ना मोकळं धावणं. माझ्या मते या दोन्ही मिनिटांना एकाच रकान्यात टाकणं बरोबर नाही.

मोजमापाचाही घोळ आहेच. खेळाबद्दल विचारणारी प्रश्नावली दिली की सुखवस्तू घरातली मुलं पुढे दिसतात, कारण अकादमी, पोहण्याचा क्लास, गणवेश हे सगळं पैशानं मिळतं. गरीब घरातली मुलं पायी किंवा सायकलनं जास्त फिरतात. मग कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं की हे अंतर अनेकदा कमी होतं, कधी पुसटही होतं. त्या यंत्राला सायकल नीट मोजता येत नाही, डोक्यावरचं ओझं तर मुळीच नाही.

आता खरा पेच. झाडीच्या, फुटपाथच्या वस्तीत लोक जास्त चालतात ते वस्तीमुळे, की चालण्याची हौस असलेलेच तिथे घर घेतात? नागपूरच्या झाडीतल्या सेमिनरी हिल्सला फिरणारे आणि जुन्या, दाटीच्या इतवारीच्या गल्लीत राहणारे यांच्यात उत्पन्नाचाही फरक असतो, नुसत्या रस्त्यांचा नाही. अमेरिकेत १९९४ पासून पाच शहरांत याची एक परीक्षा झाली. गरीब वस्त्यांतल्या हजारो कुटुंबांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून चांगल्या वस्तीत भाड्यानं राहायला मदत दिली. दहा ते पंधरा वर्षांनी त्या घरांतल्या बायकांमध्ये अतिस्थूलता आणि मधुमेह थोडा कमी आढळला. चिठ्ठीत हौस-मौज मोजली जात नाही, तेव्हा परिणाम वस्तीचाच म्हणायचा. मात्र तो नेमका चालण्यातून आला, खाण्यातून की कमी ताणातून, हे त्यातून उलगडत नाही.

नागपुरात कस्तुरचंद पार्क आणि रेशीमबाग अशी मोठी मैदानं आहेत, पण तिथे सभा आणि प्रदर्शनंही भरतात. उलट २००१ मध्ये क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, तेव्हा कुठलं नवं मैदान बांधावं लागलं नव्हतं. हवा होता चेंडू आणि रोज थांबणारा एक माणूस.

म्हणून नकाशावर घरापासून मैदानाचं अंतर मोजून भागत नाही. मैदान खरंच कोण वापरतं हे बघायला परदेशी संशोधक साधी पद्धत वापरतात: ठरावीक वेळी मैदानावर एक नजर फिरवायची आणि मुलगे किती, मुली किती, बसलेले, चालणारे, धावणारे किती, याच्या रेघा मारायच्या. कागद-पेन्सिल पुरते. कोणत्याही कॉलेजच्या पोरांना रेशीमबागेत सकाळ-संध्याकाळ हे करता येईल. मुलींचा रकाना मात्र त्यांनी वेगळा ठेवावा.