तुमच्या पायाला हात लावणारी व्यक्ती काय शिकलेली असते?

फोनवर बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, "तुमच्याकडे पेडिक्युअर करतात का?" नाही करत. आमचे काम पोडायट्रीचे, म्हणजे पावलांच्या आणि घोट्यांच्या दुखण्यांचे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आणि मुलांकडे चार-सहा महिने राहायला आलेल्या मराठी मंडळींना हे नाव नवे वाटते. भारतात हे काम हाडांचे डॉक्टर, सर्जन आणि मधुमेहाचे डॉक्टर यांच्यात विभागलेले असते. इथे त्याची स्वतंत्र पदवी आहे.

ही पदवी इंग्लंडमध्ये साधारणपणे तीन वर्षांची आणि स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची असते. एका पावलात 26 हाडे. दोन्ही पावलांची मिळून 52, म्हणजे शरीरातल्या 206 हाडांपैकी चौथा हिस्सा फक्त पावलांत! त्यांची नावे पाठ करणे सोपे. हाताला वळण लागायला वेळ लागतो. पाते जवळजवळ आडवे धरून घट्ट्याचा एकेक थर काढायचा आणि खालची गुलाबी कातडी दिसू लागली की थांबायचे, रक्ताचा थेंब न येऊ देता. शिक्षकांच्या नजरेखाली सुमारे 1000 तास खऱ्या पेशंटवर काम केल्यावर ते जमते. भुलीचे इंजेक्शन देणे, पावलावरची नाडी शोधणे, चालण्याची ढब पाहून दुखण्याचे कारण ओळखणे, हेही त्यातच येते.

त्यानंतर हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. 'पोडायट्रिस्ट' आणि 'किरोपोडिस्ट' (त्याच कामाचे जुने नाव) ही दोन्ही बिरुदे कायद्याने राखीव आहेत. नोंदणी नसताना ती लावणे गुन्हा आहे. कौन्सिलच्या संकेतस्थळावर कोणाचेही नाव फुकट तपासता येते. आमचेही जरूर तपासा.

<b>आम्ही काय पाहतो</b>

सर्वांत जास्त येतात ती कुरुपे. कुरुपाला मूळ असते आणि ते उपटून काढावे लागते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तसे मूळ नसते. एकाच जागी सतत दाब पडला की कातडी जाड होते आणि आतल्या बाजूला टोकदार बनते, म्हणून खडा टोचल्यासारखे दुखते. आम्ही ते काढतोच, पण बूट तोच राहिला तर कुरूपही परत येते. घरी ब्लेडने कापू नका. दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांत बहुधा आम्ल असते आणि त्याला चांगली कातडी आणि वाईट कातडी यातला फरक कळत नाही. मधुमेह असेल तर त्या पट्ट्या मुळीच लावू नयेत.

टाचांच्या भेगा, बोटांमधल्या चिखल्या, जाड झालेली नखे यांवर उपाय आहेत. नख मांसात घुसत असेल तर भूल देऊन फक्त कडेची पट्टी काढतो आणि मुळाशी औषध लावतो, म्हणजे सहसा ती कड पुन्हा उगवत नाही. सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाच दुखत असेल, तर तळव्याच्या जाड पट्ट्याला ताण बसलेला असतो. ताणाचे व्यायाम, योग्य बूट आणि गरज पडल्यास आतला सोल यांनी उतार पडतो, पण महिने लागतात. इथल्या घरांतल्या कडक लाकडी फरशीवर अनवाणी वावरणे तेवढे थांबवा. लहान मुलांचे तळवे सपाट दिसले म्हणून आईवडील घाबरून येतात. मूल चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसली तर बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते.

<b>मधुमेह असेल तर हे नक्की वाचा</b>

सांगलीहून मुलीकडे आलेले एक आजोबा आमच्याकडे नखे कापायला आले होते. बुटातून नातवाच्या खेळण्यातला प्लास्टिकचा तुकडा निघाला. ते त्यावर दिवसभर चालले होते. तळव्याला खोल खड्डा पडला होता आणि त्यांना काही जाणवले नव्हते.

वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले: पाय आपोआप झडत नाहीत, वेदना कळेनाशी झाल्यामुळे जखमांवर जखमा होत जातात. मधुमेहातही तसेच घडते. म्हणून आम्ही नायलॉनचा एक बारीक धागा वापरतो. 10 ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. तुम्ही डोळे मिटायचे, आम्ही तळव्याला तो टेकवायचा, कळले की "हो" म्हणायचे. दोन-चार मिनिटांची ही तपासणी मधुमेह असलेल्यांसाठी एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दरवर्षी मोफत होते. पत्र आले की ती चुकवू नका.

नवी जखम, काळसर पडलेले बोट, किंवा गरम आणि सुजलेले पण फारसे न दुखणारे पाऊल दिसले, तर आमच्या वेळेची वाट पाहू नका. त्याच दिवशी तुमच्या जीपीला (नेहमीच्या डॉक्टरांना) किंवा मधुमेहाच्या पाय-विभागाला फोन करा.

अनेक आजी-आजोबा खुर्चीत बसल्यावर पाय मागे घेतात, "अहो, माझ्या पायाला कशाला हात लावता!" म्हणतात. संकोच करू नका, आम्ही त्यासाठीच शिकलो आहोत.

येताना औषधांची यादी आणा. नेलपॉलिश काढून या, कारण नखाचा रंग पाहावा लागतो. रोजच्या वापरातले जुने बूट-चपलाही आणा, नवे नकोत. सोल कुठे झिजला आहे ते पाहिले की तुमच्या पायावर भार कुठे पडतो हे आम्हाला कळते.