जंताची बाटली आणि फ्लूकची बाटली

"शेळ्यांना जंताचं औषध द्या" म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल काढतो. त्याच फळीवर ऑक्सिक्लोझानाइड असतं. तेही दाटसर, तेही तोंडाने पाजायचं, म्हणून कुठलंही एक घेतलं तरी चालेल असं वाटतं. पण पहिली दोन औषधं मुख्यतः गोलकृमींवर चालतात. ऑक्सिक्लोझानाइड पानासारख्या चपट्या यकृतकृमींवर, म्हणजे फ्लूकवर चालतं. गोलकृमींना त्याने काही होत नाही.

घोळ लक्षणांत आहे. शेळीच्या चौथ्या पोटात रक्त पिणारा हिमोंकस हा गोलकृमी असो की यकृतातला फ्लूक, दोन्हीत शेळी खंगते, जबड्याखाली पाण्याची थैली लोंबते आणि खालची पापणी ओढली तर आत गुलाबीऐवजी पांढुरकं दिसतं.

कोकणात ऋतू बराच उलगडा करतो. हिमोंकसची अळी ओल्या गवताच्या पात्यावर चढते आणि पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत अंडी घालू लागते. त्यामुळे पावसाळ्यातच शेळ्या ढासळतात, कातळसड्यावर, म्हणजे उंच खडकाळ माळावर चरणाऱ्यासुद्धा. फ्लूकला मात्र पाण्यातली गोगलगाय लागते. भात कापल्यावर खाचरात, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी शेळ्या सोडल्या की तिथल्या गवताला चिकटलेले त्याचे कोश पोटात जातात. कृमी वाढायला तीन-चार महिने घेतो, म्हणून थैली दिसते ती थंडी संपता संपता. तेव्हा नेहमीच्या मापाने अल्बेंडाझोल पाजून "औषध लागू पडेना" म्हणण्यात अर्थ नाही.

आता माप. अल्बेंडाझोल 2.5 टक्क्यांचं म्हणजे मिलीत 25 मिलिग्रॅम. किलोला 10 मिलिग्रॅम धरलं तर 20 किलोच्या पाटीला (तरुण शेळीला) 8 मिली. ऑक्सिक्लोझानाइड 3.4 टक्क्यांचं, किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे त्याच पाटीला जवळपास 9 मिली. टक्केवारी बाटलीगणिक बदलते, तेव्हा लेबल वाचून डोस डॉक्टरांकडून पक्का करा आणि वजन ताणकाट्यावर घ्या. नजरेने केलेला अंदाज बहुधा कमी पडतो आणि अर्धवट डोसातून वाचलेले जंतच पुढे औषधाला दाद देत नाहीत.

अल्बेंडाझोलचा डोस वाढवला की मोठे फ्लूकही मरतात, म्हणून एकाच बाटलीत भागवणारे पुष्कळ. पण गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात ते दिलं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. तिथे गोलकृमींसाठी फेनबेंडाझोल बरं. ऑक्सिक्लोझानाइडलाही मर्यादा आहे: यकृत पोखरत फिरणारी फ्लूकची पिल्लं त्यातून सुटतात. म्हणून दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तपासणी हवी.

20 किलोच्या पंधरा शेळ्यांना एका फेरीत अल्बेंडाझोल 120 मिली लागतं, सांडलवंड धरून 150. स्वस्त पडते म्हणून लिटरची बाटली आणू नका. सगळी वापरण्याआधीच मुदत संपू शकते. बाटली उन्हापासून दूर ठेवा आणि झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. औषध तळाला बसतं, त्यामुळे प्रत्येक शेळीआधी बाटली हलवा, नाहीतर पहिलीला पाणी आणि शेवटचीला गाळ. पाजताना मान वर ओढू नका, औषध फुप्फुसात जातं. सिरिंज गालाच्या कडेने आत घालून जिभेच्या मुळावर सोडा.

लेंड्या तपासायला दिल्यात तर अंडी तरंगवून आणि तळाचा गाळ पाहून, अशा दोन्ही पद्धतींनी बघायला सांगा. मिठाच्या दाट पाण्यात गोलकृमींची अंडी वर तरंगतात, फ्लूकची जड अंडी तळाशी राहतात. नुसतं वरचं पाणी पाहिलं तर फ्लूक असूनही अहवाल कोरा येतो.