प्रदूषणाचा माग (सोलापूर)

हवेतून आलेले औद्योगिक रसायन घरात, ओढ्यात किंवा तलावात सापडल्यावर ते कुठल्या धुराड्यातून निघाले हे ठरवण्याची पद्धत. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या, मानकापेक्षा खराब हवा असलेल्या शहरांच्या यादीत सोलापूर असल्याने या शहरासाठी तिचे महत्त्व मोठे आहे.

प्रत्येक जळणाची खूण वेगळी असते. दगडी कोळशाच्या धुरात सेलेनियम आणि आर्सेनिक सापडते, लाकूड व बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) धुरात पोटॅशियम, तर भट्टीच्या तेलाच्या धुरात व्हॅनेडियम आणि निकेल. सोलापुरात नेमकी इथेच फसगत होते. इथली काळी माती बेसाल्ट खडकाची असून तिच्यात व्हॅनेडियम मुळातच भरपूर असते. उन्हाळ्यातल्या वावटळीची धूळ तपासून ‘तेल जळाले’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे शेताला कारखाना ठरवणे. म्हणून आधी आसपासच्या रानातली माती तपासावी. धुळीतल्या धातूचे टायटॅनियमशी (ते मुख्यतः मातीतूनच येते) असलेले प्रमाण त्या मातीतल्या प्रमाणाच्या कितीतरी पट निघाले, तरच बोट उद्योगाकडे वळवावे. जगाच्या सरासरी मातीचे आकडे इथे कामाचे नाहीत.

शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि संसार अनेकदा एकाच छताखाली असतात. तिथे खिडकीच्या चौकटीवरची धूळ आठवड्याची गोष्ट सांगते. माळ्यावरच्या ट्रंकेवरची, वर्षानुवर्षे फडके न लागलेली धूळ जुनी हकिगत जपून ठेवते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात टॉवेलचे रंगीत तंतू काजळीला चिकटलेले दिसतात. एखादे रसायन बाहेरच्यापेक्षा आत जास्त भरले, तर उगम बहुधा घरातच, रंगात किंवा वंगणात असतो.

वाऱ्याची नोंदही हवीच. पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, म्हणजे चिंचोळी एमआयडीसीच्या अंगाने. हिवाळ्यात तो पूर्वेकडून, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूने वाहतो.

पाण्यातला माग गाळात मिळतो. पत्र्यांवर साठलेली काजळी पहिल्या पावसात नाल्यात उतरते, त्यामुळे त्या पहिल्या तासाचे पाणी बाटलीत धरावे. नंतरचे पातळ होत जाते. आदिला नदीवरचा एकरुख (हिप्परगा) तलाव एकोणिसाव्या शतकातला, जवळजवळ सोलापूरच्या कापड गिरण्यांच्याच वयाचा. जिथे गाळ कधी उपसलेला नाही तिथे नळी रोवून तो अखंड काढता येतो. गाळातल्या शिसे-210 या किरणोत्सर्गी शिशाचे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे 22 वर्षे असल्याने शंभरेक वर्षांपर्यंतच्या थरांचे वय काढता येते, आणि गिरण्यांची काजळी कुठल्या थरात विरळ होत गेली हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.