आर्थिक साक्षरतेचं शिक्षक प्रशिक्षण : अर्ज कुठं अडतो आणि का

“सर, अर्ज करून दोन महिने झाले, अजून कायच मेसेज नाही.” कोल्हापूर जिल्ह्यातलं करवीर काय, चंदगड काय, शिक्षकांचा फोन आला की पहिलं वाक्य हेच असतं. मी उलट विचारतो, “अर्ज कुणाच्या नावानं गेलाय?” समोर जरा शांतता. मग उत्तर येतं, “माझ्याच की.”

निम्मे अर्ज इथंच संपतात.

आधी हे प्रशिक्षण कुणाचं, ते सांगतो. एनसीएफई, म्हणजे राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र, ही रिझर्व्ह बँक, सेबी (शेअर बाजार), आयआरडीएआय (विमा) आणि पीएफआरडीए (पेन्शन) या चार नियामकांनी मिळून उभी केलेली ना-नफा संस्था. शाळेतल्या शिक्षकांसाठी तिचा एफईटीपी (फायनान्शियल एज्युकेशन ट्रेनिंग प्रोग्रॅम) नावाचा दोन दिवसांचा कार्यक्रम आहे. तो पूर्ण केला की ‘मनी स्मार्ट टीचर’ असं प्रमाणपत्र मिळतं आणि पुढं आपल्या वर्गात बचत, बजेट, व्याज, कर्ज, विमा, फसवणूक हे विषय शिकवायचे, अशी अपेक्षा असते. फी नाही. कुणी फी मागत असेल, किंवा प्रशिक्षणाच्या शेवटी पॉलिसीचा फॉर्म पुढं सरकवत असेल, तर ते हे प्रशिक्षण नव्हे. कुठलंही उत्पादन विकायचं नाही ही इथली मूळ अट आहे. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळेला येऊन ‘गुंतवणूक मार्गदर्शन’ करणारे पाहुणे आपल्याकडं काही कमी नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

पात्रता एका ओळीची आहे : सहावी ते दहावीच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक. विषयाची अट नाही. गणिताच्याच माणसानं जायचं असं कुठं लिहिलेलं नाही, मराठीच्या बाई आणि पीटीचे सरही चालतात. पहिली ते चौथीचे गुरुजी आणि फक्त अकरावी-बारावीवर असलेले प्राध्यापक यात बसत नाहीत. एवढं सरळ असूनही दरवेळी घोळ होतो तो ‘इयत्ता’ या रकान्यात. हायस्कूलमधल्या एका बाई पाचवीच्या वर्गशिक्षिका आणि आठवी-नववीला इतिहास शिकवणाऱ्या. त्यांनी रकान्यात प्रामाणिकपणे ‘5 वी’ लिहिलं आणि नाव गळालं. विचारलेलं असतं ते तुम्ही कोणत्या वर्गांना शिकवता, कुठल्या वर्गाची हजेरी घेता ते नव्हे. ‘8 वी, 9 वी – इतिहास’ असं लिहा.

दुसरा गैरसमज एनएफएलएटीचा. ती याच संस्थेची परीक्षा आहे, पण विद्यार्थ्यांची, सहावी ते बारावीच्या. तिची नोंदणी वेगळी आणि मुदतही वेगळी. मुलांची नावं तिथं भरून ‘आमचं प्रशिक्षणाचं झालं’ म्हणून निवांत बसलेले मुख्याध्यापक मी पाहिलेत.

आता मुख्य गोष्ट. या कार्यक्रमाची मागणी शाळेनं करायची असते. एकट्या शिक्षकानं अर्ज टाकून जागा मिळवायची, असं याचं स्वरूप नाही. तुमच्या एकट्यासाठी कुणी कोल्हापूरला येऊन दोन दिवस वर्ग घेणार नाही, हे उघड आहे. एखाद्या शाळेनं किंवा केंद्रानं (म्हणजे केंद्रप्रमुखाखालच्या शाळांच्या गटानं) पुढाकार घ्यायचा, आसपासच्या पाच-सहा शाळांचे शिक्षक गोळा करायचे, आणि जागा, प्रोजेक्टर, तारखा यांसकट मागणी करायची. मुख्याध्यापकांच्या सहीचं मागणीपत्र शाळेच्या लेटरहेडवर हवं. त्यात प्रशिक्षण मराठीतून हवं हे स्पष्ट लिहा. नाहीतर हिंदीतून होतं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मागची बाक रिकामी दिसते.

सोबत शिक्षकांची यादी : नाव, शाळा, इयत्ता, विषय, मोबाईल. आणि यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, जो सगळ्यांना पाठ असतो आणि तरी चुकतो. तो अकरा अंकी असतो, आपल्या जिल्ह्याचा 2734 नं सुरू होतो. हायस्कूलच्या लेटरहेडवर दहावी बोर्डाचा इंडेक्स नंबरही छापलेला असतो. टाइप करणारा बिचारा जो आधी दिसेल तो उचलतो. पाठवण्याआधी अंक मोजा. अकरा नसतील तर तो दुसराच कुठला तरी नंबर आहे.

एवढी कागदं झाली की संस्थेकडचं काम संपत आलं. खरी अडचण आपल्याच घरात सुरू होते, ती परवानगीची.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून जायचं तर मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि मग नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) असा रस्ता. अनुदानित हायस्कूलला शिक्षणाधिकारी (माध्यमिक). महापालिकेच्या शाळांना प्राथमिक शिक्षण समिती. या रस्त्यावर कुठल्या तरी टेबलावर तुमच्याकडं एक कागद मागतात जो कुणाकडंच नसतो : ‘सदर शिक्षक इयत्ता 6 वी ते 10 वी अध्यापन करीत असल्याचा दाखला’. असा छापील नमुना मी तरी आजवर बघितलेला नाही. एका कार्यालयात तो मागितला, आम्ही नमुना मागितला, तर साहेब म्हणाले, “तुम्हीच करून आणा.” केला. पुढच्या आठवड्यात तोच कागद ‘विहित नमुन्यात नाही’ असा लाल शेरा घेऊन परत आला. विहित नमुना कुठला, हे शेऱ्यात नव्हतं.

यावर चालणारा उपाय असा : शाळेच्या चालू वर्षाच्या वेळापत्रकाची झेरॉक्स काढा, त्या शिक्षकाचे तास पेनानं अधोरेखित करा, खाली ‘मूळ प्रतीवरून प्रमाणित’ लिहून मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्या. वेळापत्रक प्रत्येक शाळेत भिंतीवर असतंच, आणि ते नाकारायला कारण सापडत नाही.

द्विशिक्षकी शाळांचं दुखणं निराळं. गगनबावड्याकडं किंवा शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर एक शिक्षक दोन दिवस गेला तर सगळी शाळा दुसऱ्यावर पडते, म्हणून परवानगी अडते. सातवीपर्यंतची शाळा असेल तर अर्जातच पर्यायी व्यवस्था लिहून द्या : अमुक तारखांना केंद्रातल्या अमुक शाळेचे शिक्षक येतील, त्यांची संमती सोबत. साहेबांनी विचारल्यावर शोधाशोध करू नका.

परवानगीच्या पत्रात दोन वाक्यं आहेत का, ते वाचून बघा. ‘कार्यमुक्त करण्यात यावे’ आणि ‘प्रशिक्षणाचा कालावधी कर्तव्यकाळ समजण्यात यावा’. दुसरं वाक्य नसेल तर ते दोन दिवस तुमच्या किरकोळ रजेतून जाण्याची शक्यता धरा. तोंडी ‘जावा हो, बघू नंतर’ यावर विसंबून गेलेल्या एका सरांची रजा मांडली गेली ती गेलीच. माणूस शिकायला जातो आणि सुट्टी खर्ची पडते, यावर काय बोलायचं!

मुदतीबद्दल. शिक्षण विभागाकडून यादी मागवणारं पत्र येतं, त्यावर ‘दि. 15 पर्यंत यादी सादर करावी’ असं असतं. ती तारीख तालुक्याची एकत्रित यादी जिल्ह्याला पोचायची असते, तुमच्या शाळेनं पाठवायची नव्हे. पत्र निघतं 6 ला, केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतं 11 ला, तेही शनिवारी दुपारी. तुम्ही 15 ला पंचायत समितीत गेलात तर यादी गाडीत बसून गेलेली असते. म्हणून पत्रातल्या तारखेतून चार दिवस वजा करा आणि ती तुमची मुदत समजा. कागद देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. टेबलावरचा माणूस म्हणेल, “ठेवा की तिथं, शिक्का नंतर मारतो.” उभे राहा.

नावाचं म्हणाल तर, विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांना सांगतो. आधारवर सासरचं, सेवापुस्तकात माहेरचं, शालार्थला (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत) तिसरंच स्पेलिंग, हे घरोघरी आहे. यादीत जे नाव जाईल तेच प्रमाणपत्रावर छापून येतं. सेवापुस्तकातलं नाव द्या. प्रमाणपत्राची नोंद शेवटी तिथंच व्हायची आहे.

आणि एक अपेक्षा आधीच सोडा. बारा वर्षांची वरिष्ठ आणि चोवीस वर्षांची निवड वेतनश्रेणी, यांचं प्रशिक्षण वेगळं. हे प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही. तेवढ्यासाठी येणार असाल तर दुसऱ्याची जागा अडवू नका.

मग यायचं कशाला? मागं एका सरांनी सातवीच्या वर्गात दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल फळ्यावर मांडलं : लिटर, फॅट, दर, पशुखाद्याची कपात, हातात किती. मग विचारलं, सावकाराकडून महिना दोन टक्क्यानं घेतले तर वर्षाचे किती? मुलं म्हणाली दोन. फळ्यावर चोवीस आल्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “आमच्या आबांनी तीननं घेतल्यात.” त्याच तासात दुसरा प्रश्न आला, पतसंस्थेतली ठेव बुडली तर? बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही, हे सरांनाही प्रशिक्षणातच कळलं होतं.

प्रमाणपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात झेरॉक्स आणि कार्यमुक्तीचं पत्र घेऊन क्लार्ककडं जा, सेवापुस्तकात नोंद करून घ्या आणि नोंदीखाली सही झाली का ते पान उघडून बघा. ‘घेतलीय नोंद’ असं सांगितलेल्या तीन पुस्तकांत मी स्वतः पान उघडलं होतं. एकात नोंद होती.