कुटुंब मोजायचं की चूल?

जनगणनेच्या हिशेबात कुटुंब ठरतं ते चुलीवरून. नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. ती एकमेकांच्या नात्यातली असलीच पाहिजेत असं नाही. आता दोन सख्खे भाऊ घ्या. मध्ये एक भिंत. सातबारा एक, देव्हारा एक, गणपती एक. पण जावांचे गॅस वेगळे. नोंदीत कुटुंबं दोन! 'एकत्र कुटुंब मोडलं' ही हाकाटी बरेचदा अशा वेगळ्या झालेल्या चुली मोजूनच होते.

इरावती कर्वे यांनी 1953 साली एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या: एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, एकत्र पूजाअर्चा आणि आपसातलं नातं. छपराबद्दल लिहिताना त्यांनी 'सामान्यतः' असा शब्द घातला, तो उगीच नाही. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा या छोट्या शहराचा अभ्यास करून हाच मुद्दा पुढे नेला. घरं वेगळी झाली तरी मालमत्ता, पैशाची मदत आणि लग्नकार्या-मर्तिकातली कर्तव्यं भावाभावांना बांधून ठेवतात.

तिकडे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी 1949 मध्ये 250 समाजांची माहिती तपासून आई-बाप-मुलं हा गाभा सगळीकडे सापडतो, असं ठासून सांगितलं. त्यांना अडचणीत आणलं केरळच्या नायरांनी. जुन्या नायर पद्धतीत नवरा रात्रीपुरता यायचा, मुलं आईच्या तरवाडात, म्हणजे आईकडच्या वंशाच्या सामाईक घरात वाढायची आणि कारभार मामाकडे असायचा. मग यातलं कुटुंब कोणतं?

एवढ्या लांब जायलाही नको. रत्नागिरी-साताऱ्याकडचे गिरणी कामगार मुंबईत गावकीच्या खोलीत दाटीवाटीनं राहायचे, पाळी बदलली की झोपायची जागाही बदलायची. पगार झाला की मनीऑर्डर गावी जायची. त्या पैशावर बियाणं यायचं, बहिणीचं लग्न व्हायचं. संप किंवा आजारपण आलं की तोच कामगार गावच्या भातावर जगायचा. बँक आणि विमा त्याच्या आवाक्याबाहेर होते, तेव्हा दोन्हींचं काम ही दोन टोकांची व्यवस्था करत होती. मोजणीत मात्र खोलीतले सोबती त्याच्याबरोबर, बायको दुसरीकडे.

त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "कुटुंब गावाला असतं." त्या पिढीच्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको.