लेकी, सुना आणि १९७५ च्या आधीची गोळी

दवाखान्यातल्या फॉर्मवर एक रकाना असतो: कुटुंबात कुणाला कर्करोग होता का? लग्न झालेली बाई पटकन सांगते, "हो, सासूबाईंना होता." डॉक्टर म्हणतात, सासरचं नको, माहेरचं सांगा. मग आई, आजी, मावशी यांची नावं निघतात. आत्या मात्र राहून जाते, कारण स्तनाचा कर्करोग बाईकडून बाईकडे येतो असं आपण धरून चाललेले असतो. खरं म्हणजे दोष असलेलं जनुक बापाकडूनही तितकंच येतं.

आईला हा आजार झाला असेल तर लेकीनं गर्भनिरोधक गोळ्या घ्याव्यात का, या प्रश्नाला उत्तर म्हणून "तिप्पट धोका" हा आकडा सांगितला जातो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या मिनेसोटात आहे, आणि गंमत म्हणजे तिथंही लेकी आणि सुनांचाच हिशेब मांडला होता.

मिनेसोटा विद्यापीठात डाइट इन्स्टिट्यूट नावाची मानवी आनुवंशिकीची संस्था होती. ज्या चार्ल्स डाइट यांच्या पैशावर ती उभी राहिली, ते कट्टर सुप्रजननवादी, म्हणजे 'चांगल्या' वंशाच्या माणसांचीच प्रजा वाढावी असं मानणारे. १९३३ मध्ये त्यांनी हिटलरला कौतुकाचं पत्र लिहिलं होतं. संस्थेनं १९४४ मध्ये हाती घेतलेलं काम मात्र चोख निघालं. १९४४ ते १९५२ या काळात विद्यापीठाच्या रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या बायकांच्या नातेवाइकांची नोंद झाली. प्रश्न एवढाच होता, की हा रोग घराण्यात चालतो का. गोळी तेव्हा जन्मलीही नव्हती.

१९९० नंतर संशोधकांच्या पुढच्या पिढीनं ती दप्तरं पुन्हा उघडली. अशा ४२६ कुटुंबांतल्या बायकांना गाठून त्यांनी गोळ्यांबद्दल विचारलं आणि तीन गट केले: रुग्णांच्या बहिणी व लेकी ३९४, नाती आणि भाच्या-पुतण्या ३,००२, आणि लग्न होऊन त्या घरांत आलेल्या २,७५४. हा तिसरा गट मला फार हुशारीचा वाटतो. घर तेच, राहणीही बरीचशी तीच, फक्त रक्त वेगळं.

निकाल २००० मध्ये छापून आला. कधी ना कधी गोळी घेतलेल्या बहिणी-लेकींमध्ये, गोळी न घेतलेल्यांच्या तुलनेत, धोका ३.३ पट दिसला. नाती-भाच्यांमध्ये तो १.२ पट होता आणि सुनांमध्येही तेवढाच, म्हणजे दोन्हीकडे फरक योगायोगापलीकडे जात नव्हता. "तिप्पट" आलं ते इथून.

त्याच लेखातली पुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. वाढलेला धोका ठळकपणे दिसला तो १९७५ पर्यंतच्या गोळ्या घेतलेल्या बायकांत. त्यानंतरच्या गोळ्या घेतलेल्या बहिणी-लेकींमध्ये कर्करोगाच्या रुग्ण होत्या अवघ्या दोन. दोघींवरून नव्या गोळीला दोषी धरता येत नाही आणि निर्दोषही ठरवता येत नाही. संशोधकांनी तसं स्पष्ट लिहिलं होतं. आकडा तेवढा पुढे आला, अट मागेच राहिली.

१९७५ हीच रेघ का? १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या पहिल्या गोळीत, एनोव्हिडमध्ये, १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रानॉल हे इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रीसंप्रेरक (हॉर्मोन) होतं, जोडीला जवळजवळ १० मिलिग्रॅम नॉरएथिनोड्रेल हे प्रोजेस्टोजेन जातीचं दुसरं संप्रेरक. आपल्याकडच्या माला-एनच्या पाकिटात २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. त्या २१ पैकी प्रत्येकीत इस्ट्रोजेन आहे ३० मायक्रोग्रॅम. मेस्ट्रानॉल थोडं सौम्य असतं हे धरलं तरी फरक कित्येक पटींचा उरतो. हे प्रमाण उतरलं ते रक्ताच्या गुठळ्यांच्या भीतीनं, कर्करोगाच्या नव्हे. १९६९ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं ५० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नका असं डॉक्टरांना कळवलं. १९७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गोळीवर सुनावण्या झाल्या, आणि रुग्णासाठी माहितीपत्रक पाकिटात आलं ते त्यानंतरच.

संप्रेरकांवरचा संशय मात्र गोळीहून कितीतरी जुना. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यचिकित्सकांनी १८९५ मध्ये स्तनाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णाची बीजांडं काढली आणि १८९६ मध्ये गाठी मागे हटल्याचं दाखवून दिलं. संप्रेरक हा शब्दसुद्धा तेव्हा वापरात नव्हता.

घराण्याचं कोडं सुटायला वेळ लागला. अमेरिकेतल्या आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये या रोगाशी जोडलेलं एक जनुक १७ व्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९४ मध्ये ते बीआरसीए-१ हाती आलं, पुढच्या वर्षी बीआरसीए-२. तोवर "घरात कर्करोग आहे" या एका वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र होत्या: सत्तरीत आजार झालेली एखादी आजी, आणि चाळिशीच्या आत एकामागून एक गेलेल्या तीन बहिणी. २००२ मध्ये जनुकदोष असलेल्या बायकांचाच अभ्यास झाला. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्यांत गोळीनं धोका १.२ पट दिसला, १९७५ च्या आधी गोळी सुरू केलेल्यांत १.४२ पट, आणि बीआरसीए-२ मध्ये वाढ दिसलीच नाही. पुन्हा तीच १९७५ ची रेघ. आणि गुंता असा, की याच गोळीमुळे अशा बायकांत बीजांडाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर येतो हे १९९८ मध्येच दिसलं होतं. हा कर्करोग बहुतेकदा उशिरा कळतो, म्हणून हा फायदा किरकोळ नाही.

नव्या गोळ्या अगदीच निर्दोष आहेत असंही नाही. डेन्मार्कमध्ये १८ लाख बायकांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये निघालेला आकडा १.२ पट, म्हणजे वर्षाला एक लाख बायकांमागे सुमारे १३ जास्तीचे रुग्ण. वय पस्तिशीच्या आत असेल तर जास्तीचे दोनच. २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना फक्त प्रोजेस्टोजेन असलेल्या साधनांतही साधारण तेवढीच वाढ दिसली. आपल्याकडच्या सरकारी आरोग्य केंद्रांत मिळणारं, तीन महिन्यांनी घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन त्याच जातीचं. त्याच केंद्रात मिळणारी 'छाया' ही गोळी वेगळी, तिच्यात स्टेरॉइड संप्रेरक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत मात्र नुसता कौटुंबिक इतिहास हे गोळी नाकारण्याचं कारण नाही. स्वतःला स्तनाचा कर्करोग असेल तर गोळी बंद.

म्हणून आनुवंशिकीच्या समुपदेशनात आता आधी वंशावळ काढतात. पुरुषाचा चौकोन, बाईचं वर्तुळ, आजार झालेलं काळं, शेजारी वय. आत्याचं वर्तुळ बापाच्या चौकोनालगत येतं. सासूबाईंचं वर्तुळ सुनेच्या हिशेबात धरत नाहीत. तिच्या लेकीचा कागद काढला, की तेच वर्तुळ आजीच्या जागी बसतं.